गरगरणाऱ्या रेणूंना प्रकाशाची दिशा कशी कळते?

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट. ऑक्टोबरातली दुपार, साडेतीनचा सुमार. पाऊस सरला होता, मांडवी अजून भरलेली होती आणि पणजीच्या बाजूला पाण्यावर ऊन असं तळपत होतं की तिकडं पाहवत नव्हतं. माझी भाची विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिनं डोळ्यांवरचा गॉगल काढून माझ्या हातात ठेवला. "मामा, हा लावून बघ."

लावला, आणि चकाकी एकदम विझली. पाणी पाण्यासारखं हिरवट-गढूळ दिसायला लागलं. धक्क्याच्या खांबाला चिकटलेली कालवं वीतभर खोल पाण्यातही ओळखू येत होती. मग तिच्या सांगण्यावरून मान खांद्याकडं कलती केली, तशी चकाकी परत आली. मान सरळ केली, पुन्हा गेली.

हे मला नवं नव्हतं, आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं आहे. नवा होता तो तिचा प्रश्न. "गॉगलच्या काचेतले रेणू एका दिशेत ओढून बसवलेले असतात, म्हणून त्यांना प्रकाशाची दिशा कळते. ते पटतं. पण कुपीतल्या द्रावणात रेणू गरगरत असतात. कोण उभा, कोण आडवा, काही नेम नाही. तिथं सरळ ध्रुवित प्रकाश टाकला काय आणि गोल फिरणारा टाकला काय, फरक का पडावा? पण दोन फोटॉनांच्या शोषणात तो पडतो, असं शिकवलंय आम्हांला."

पलीकडं पोचेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ते अर्धवट झालं, म्हणून हा लेख. (फोटॉन म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेचा एक कण.)

प्रकाश म्हणजे पुढं धावणारं विद्युत क्षेत्र. ते क्षेत्र धावण्याच्या दिशेशी काटकोनात थरथरतं. सूर्यप्रकाशात ही थरथर सगळ्या दिशांनी मिसळलेली असते. पाण्यावरून परावर्तित होताना मात्र आडव्या थरथरीचा भाग जास्त उरतो. सूर्यकिरण उभ्या रेषेशी ५३ अंशांच्या आसपास कोन करून पाण्यावर पडले, तर परावर्तित प्रकाश जवळजवळ पूर्णपणे आडवा असतो, आणि गॉगलची काच तेवढाच अडवते. परावर्तनानं असं होतं हे १८०८ साली एतिएन-लुई मालूस या फ्रेंच माणसाच्या ध्यानात आलं. पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून उसळणारा मावळतीचा उजेड तो कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. थरथर एकाच रेषेत असणं, हे रेषीय ध्रुवण.

दुसरा प्रकार वर्तुळाकार ध्रुवणाचा. तो डोळ्यांसमोर आणायचा तर आरती आठवावी. निरांजन नुसतं डावी-उजवीकडं हलवलं तर ते रेषीय. ताट गोल ओवाळलं तर वर्तुळाकार. ज्योत कधीही थांबत नाही, मध्यापासूनचं तिचं अंतर बदलत नाही, फक्त दिशा फिरत राहते. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशात विद्युत क्षेत्राचं टोक असंच फिरतं, उजवीकडून किंवा डावीकडून.

आता रेणूकडे येऊ. बरेचसे रंगद्रव्यांचे रेणू लांबट असतात. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन रेणूच्या लांबीच्या दिशेनं सहज हलतात, आडवे हलायला तयार नसतात. ओसरीवरचा झोपाळा जसा. त्याच्या झुलण्याच्या दिशेनं ढकलला तर जातो, बाजूनं कितीही रेटा दिला तरी नुसता कुरकुरतो. प्रकाशाची थरथर रेणूच्या लांबीशी जुळली तर शोषण पूर्ण, काटकोनात असली तर शून्य, आणि मधल्या कोनांत कोनाच्या कोसाइनचा वर्ग जेवढा तेवढं. साठ अंशांवर चौथा हिस्सा, पंचेचाळीसवर अर्धा.

द्रावणात सगळ्या दिशांचे रेणू सारखेच असतात, म्हणून सरासरी काढायची. रेषीय प्रकाशासाठी ती येते १/३. वर्तुळाकार प्रकाशासाठी गणित वेगळ्या वाटेनं जातं, पण उत्तर तेच, १/३. म्हणजे एका फोटॉनच्या शोषणापुरतं भाचीचं म्हणणं अगदी बरोबर आहे. गर्दीनं दिशेचा माग पुसून टाकलेला असतो. (उजव्या-डाव्या हातासारखे आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारे रेणू घेतले, तर उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार प्रकाशात बारीकसा फरक दिसतो. तो विषय निराळा.)

दोन फोटॉनांच्या शोषणाची गोष्ट आधी कागदावर घडली. ग्योटिंगेनला माक्स बॉर्न यांच्या हाताखाली मारिया ग्योपर्ट या तरुणीनं १९३० साली डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. एका फोटॉनची ऊर्जा रेणूला वरच्या ऊर्जापातळीवर नेण्याइतकी नसेल, तर दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जाऊन दोघांची मिळून ती पुरी होऊ शकते, असं तिनं गणितानं दाखवलं. पुढच्या वर्षी तो प्रबंध छापून आला, तोवर लग्न होऊन ती ग्योपर्ट-मायर झाली होती. पडताळून पाहायला मात्र तीस वर्षं थांबावं लागलं, कारण तेवढा प्रखर प्रकाशच कुणाकडं नव्हता. मे १९६० मध्ये पहिला लेझर चालला. १९६१ साली कैसर आणि गॅरेट यांनी बेल लॅबमध्ये माणिक लेझरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल झोत युरोपियम मिसळलेल्या कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकावर टाकला आणि त्यातून निळा उजेड बाहेर आला. लाल आत, निळा बाहेर! एका लाल फोटॉनकडं निळा निर्माण करण्याएवढी ऊर्जा नसते. दोन लागतातच. ग्योपर्ट-मायर यांना १९६३ साली नोबेल मिळालं ते अणुकेंद्राच्या रचनेवरच्या कामासाठी, पण या क्षेत्रात काम करणारे लोक रोज त्यांचं नाव घेतात. रेणूची दोन फोटॉन शोषण्याची क्षमता ज्या एककात मोजतात त्याचं नावच ग्योपर्ट-मायर, थोडक्यात 'जीएम'.

हे किती दुर्मीळ आहे याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. ऱ्होडामिन बी नावाचं गुलाबी रंगद्रव्य घ्या आणि भर दुपारच्या उन्हात ठेवा. त्याचा एखादा रेणू एक फोटॉन साधारण सेकंदाला एकदा शोषतो. दोन फोटॉन एकत्र शोषण्याची पाळी त्याच्यावर सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा येते. लेझरच्या साहाय्यानं ही पाळी लवकर आणता येते, कारण हे शोषण प्रखरतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. उजेड दुप्पट केला तर शोषण चौपट. म्हणून प्रकाश सलग न सोडता १०० फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या एक हजार अब्जाव्या भागाच्याही दहाव्या हिश्श्याच्या, ठिणग्यांमध्ये सोडतात. सेकंदाला आठ कोटी ठिणग्या. दोन ठिणग्यांमधला अंधार ठिणगीच्या सव्वा लाख पट लांब असतो, म्हणून सगळी ताकद त्या ठिणगीत एकवटते.

इथं एक खुलासा करायलाच हवा. पहिल्या फोटॉननं रेणू मधल्या एखाद्या पायरीवर चढतो, तिथं टेकतो आणि दुसरा येऊन त्याला वर उचलतो, असं चित्र बऱ्याच पुस्तकांत काढलेलं असतं. माझ्या मते ते चित्र मुलांची दिशाभूल करतं. मध्ये पायरी नसते. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार ऊर्जेचा हिशेब क्षणभर अर्धवट राहू शकतो एवढंच, आणि तो क्षण फेम्टोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही छोटा असतो. दुसरा फोटॉन त्या क्षणात हजर नसेल तर काहीच घडत नाही. पालखी उचलताना दोन्ही बाजूंचे भोई एकाच दमात खांदा देतात. एकानं आधी उचलून धरायची आणि दुसऱ्यानं सावकाश यायचं, हे पालखीला चालत नाही.

आणि हा क्षण छोटा असण्यातच भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. लहान रेणूला पाण्यासारख्या द्रवात वळायला दहा ते शंभर पिकोसेकंद लागतात. एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद. दोन्ही फोटॉन येतात त्या क्षणापुरता रेणू जागच्या जागी खिळलेला असतो. तो उभा आहे की आडवा हे आपल्याला ठाऊक नसतं, पण दोघांनाही तो एकाच अवस्थेत भेटतो. पहिला फोटॉन एका रेणूला आणि दुसरा भलत्याच कोनातल्या रेणूला भेटला, असं होत नाही.

आता दुसरं अर्धं. हा हिशेब मी फेरीबोटीच्या कठड्यावर बोटानं रेघा मारून दाखवला. समजा आपल्याकडं फक्त तीन रेणू आहेत, काडीसारखे सरळ. एक नदीच्या प्रवाहाच्या दिशेनं ठेवलेला, दुसरा या काठाकडून त्या काठाकडं, तिसरा आकाशाकडं उभा. प्रकाश बरोब्बर डोक्यावरून खाली येतो आहे. तो रेषीय असेल आणि त्याची थरथर प्रवाहाच्या दिशेत असेल, तर पहिल्या रेणूला मिळतो १, बाकी दोघांना ०. वर्तुळाकार असेल तर थरथर आडव्या प्रतलात फिरते, म्हणून पहिल्याला अर्धा, दुसऱ्याला अर्धा, उभ्याला ०. बेरीज दोन्हीकडं १. एका फोटॉनच्या बाबतीत गोष्ट इथंच संपते, फरक नाही.

दोन फोटॉन असले की काडीसारख्या रेणूसाठी या प्रत्येक आकड्याचा वर्ग घ्यायचा, कारण त्याच रेणूला तोच वाटा दोनदा लागतो. रेषीय प्रकाशात १ चा वर्ग १. वर्तुळाकार प्रकाशात अर्ध्याचा वर्ग पाव, अशा दोन पावांची बेरीज अर्धा. फरक पडला! वाटणी विषम असेल तर वर्गांची बेरीज मोठी होते, समान असेल तर लहान. रेषीय प्रकाश पक्षपाती असतो, एखाद्या रेणूला भरभरून देतो आणि शेजारच्याला कोरडा ठेवतो. वर्तुळाकार प्रकाश वाटून देतो. एकेकट्या फोटॉनला हा पक्षपात कळत नाही. जोडीला कळतो.

तीनऐवजी सगळ्या दिशांचे रेणू धरून सरासरी काढली, तर रेषीय प्रकाशासाठी ३/१५ आणि वर्तुळाकारासाठी २/१५ येतं. म्हणजे लांबट, एकाच दिशेनं हलणाऱ्या रेणूंच्या द्रावणात वर्तुळाकार प्रकाशाचं दोन-फोटॉन शोषण रेषीय प्रकाशाच्या दोन-तृतीयांश. प्रखरता तीच, रंग तोच, द्रावण तेच. फक्त ओवाळण्याची पद्धत बदलली.

सगळे रेणू असे काडीसारखे नसतात, आणि इथून पुढं ही गोष्ट मला खरोखर सुंदर वाटते. काही रेणूंच्या काही पातळ्या अशा असतात की तिथं पोचायला दोन धक्के एकमेकांशी काटकोनात लागतात. जुन्या घरांच्या दाराला आतून अडसर असतो. तो आधी बाजूला सरकवावा लागतो, मग दार पुढं ढकलायचं. नुसतं पुढं ढकलून उघडणार नाही, नुसता अडसर सरकवून बाहेर पडता येणार नाही. (रेणूच्या बाबतीत आधी कुठला धक्का आणि नंतर कुठला याला महत्त्व नाही, दोन्ही क्रम एकाच वेळी हिशेबात येतात. दाराच्या उदाहरणाची मर्यादा तेवढीच.) अशा रेणूवर रेषीय प्रकाश टाकला तर दोन्ही धक्के एकाच रेषेत बसतात. रेणू तिरका असेल तरच त्यातला थोडा भाग बाजूला आणि थोडा पुढं जातो. वर्तुळाकार प्रकाशाकडं मात्र दोन्ही दिशा कायम असतात. सगळ्या दिशांची सरासरी काढली की रेषीय ४ तर वर्तुळाकार ६. मघाच्या उलट! वर्तुळाकार प्रकाश इथं दीडपट चालतो.

ही दीडपट म्हणजे योगायोगानं आलेला आकडा नाही, ती सर्वांत वरची मर्यादा आहे. दोन्ही फोटॉन एकाच रंगाचे, एकाच झोतातले असतील तर वर्तुळाकार आणि रेषीय यांचं गुणोत्तर दीडच्या वर जाऊ शकत नाही. आणि रेणूच्या मूळ पातळीची जी सममिती आहे ती वरच्या पातळीची नसेल, तर गुणोत्तर नेमकं दीड येतं, रेणू कुठलाही असो. ते दीडपेक्षा कमी आलं, तर सममितीच्या दृष्टीनं वरची पातळी मूळ पातळीच्याच जातीची आहे असं खात्रीनं म्हणता येतं. गरगरणाऱ्या रेणूंच्या कुपीतून, एकही रेणू हातात न धरता, त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीविषयी हे कळतं. मॉन्सन आणि मॅकक्लेन या दोघांनी १९७० साली हा हिशेब द्रवातल्या रेणूंसाठी पुरा मांडला आणि क्लोरोनॅफ्थलीन व बेंझिन या द्रवांना लावून दाखवला. वरचे ३/१५, २/१५ हे आकडे त्यांच्याच सूत्रात रेणू घालून निघतात.

खालची मर्यादा आहे शून्य. त्यासाठी रेणूपेक्षा अणू बरा. वर्तुळाकार प्रकाशाचा प्रत्येक फोटॉन सोबत फिरकीचं एक एकक घेऊन येतो. एकाच बाजूनं फिरणारे दोन फोटॉन म्हणजे दोन एककं. चेंडूसारख्या गोल पातळीतून दुसऱ्या तशाच गोल पातळीत जाणाऱ्या अणूकडं ही फिरकी ठेवायला जागाच नसते, म्हणून तो दोघांनाही नाकारतो. रेषीय प्रकाश खुशाल शोषतो. १९७४ साली सोडियमच्या वाफेवर झालेल्या प्रयोगांत याचा उपयोग करून घेतला गेला. समोरासमोरून दोन झोत सोडायचे आणि ध्रुवण असं निवडायचं की एका झोतातल्या दोन फोटॉनांची फिरकी साचते, पण दोन झोतांतला एकेक फोटॉन घेतला तर ती खोडली जाते. मग अणू फक्त समोरासमोरचीच जोडी शोषतो. अशा जोडीत अणूच्या स्वतःच्या धावण्यानं होणारी रंगाची सरमिसळ एका बाजूनं जेवढी वाढते तेवढीच दुसऱ्या बाजूनं कमी होते, आणि वर्णपटातली रेघ सुईसारखी बारीक मिळते. हायड्रोजनच्या दोन पातळ्यांमधल्या अंतराची, २४३ नॅनोमीटरच्या प्रकाशानं केलेली प्रसिद्ध मोजणी समोरासमोरच्या झोतांच्या याच युक्तीनं होते.

रेणूंमध्ये हे का महत्त्वाचं, हे सांगायला मी मानकुराद आंबा घेईन. आंब्याच्या पिवळ्या-केशरी रंगामागं कॅरोटीन जातीचे रेणू असतात. लांब साखळीचे, दोन्ही टोकांकडून पाहिलं तरी सारखेच. निळा-हिरवा प्रकाश ते एका फोटॉननं जोरात शोषतात, म्हणून उरलेला पिवळा-केशरी आपल्याला दिसतो. पण या शोषणाच्या खाली, कमी ऊर्जेवर, अजून एक पातळी असते आणि ती एका फोटॉनला दिसतच नाही. अशा सममित रेणूंत एक फोटॉन फक्त सममितीची जात बदलणाऱ्या पातळीवर नेतो, आणि ही लपलेली पातळी मूळ पातळीच्याच जातीची आहे. दोन फोटॉनांनी जात दोनदा बदलते, म्हणजे होती ती परत मिळते, आणि दार उघडतं. झाडाच्या पानात कॅरोटीननं पकडलेली ऊर्जा हरितद्रव्यापर्यंत पोचते तिच्या वाटेत या लपलेल्या पातळीलाही स्थान आहे. म्हणून ती शोधायला माणसांनी वर्षानुवर्षं घालवली. दोन फोटॉनांनी ती दिसते, आणि ध्रुवण बदलून पाहिलं की ती कुठल्या जातीची हेही विचारता येतं.

आपल्याकडं दर २८ फेब्रुवारीला शाळांत विज्ञान दिन साजरा होतो, तो १९२८ साली कोलकात्यात सापडलेल्या रामन परिणामासाठी. मुलं भाषणं पाठ करून येतात, पण ही गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही की रामन परिणाम हीसुद्धा दोन फोटॉनांचीच घटना आहे. फरक एवढाच की इथं एक आत जातो आणि एक बाहेर येतो, तर आपल्या विषयात दोन्ही आत जातात. तिथंही द्रव गरगरणाऱ्या रेणूंचाच असतो, आणि तरीही विखुरलेल्या प्रकाशाचं ध्रुवण मोजून कंपनाची सममिती ओळखता येते. तिथं मूळ ध्रुवणाशी काटकोनात थरथरणारा उजेड समांतर थरथरणाऱ्या उजेडाच्या जास्तीत जास्त ३/४ असतो. रामन परिणामासाठी हे आधीच ठाऊक होतं, मॉन्सन-मॅकक्लेन यांचा हिशेब त्याचाच सख्खा भाऊ. आणि ग्योपर्ट-मायर यांचे गुरू बॉर्न १९३५-३६ साली रामन यांच्या निमंत्रणावरून काही महिने बंगळूरला येऊन राहिले होते, हे मला वर्गात सांगायला नेहमी आवडायचं.

प्रयोगशाळेत हे करणं ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. लेझरच्या वाटेत क्वार्टर वेव्ह प्लेट नावाची स्फटिकाची पातळ चकती ठेवतात. ती प्रकाशाच्या दोन काटकोनी थरथरींपैकी एकीला पाव तरंग मागं टाकते. शून्य अंशावर ठेवली तर प्रकाश रेषीयच राहतो, ४५ अंश फिरवली की वर्तुळाकार होतो. शोषण थेट मोजण्याऐवजी रेणूनं परत सोडलेला उजेड मोजतात, कारण कमी-जास्त तोही त्याच प्रमाणात होतो. या पद्धतीची मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे ती गुणोत्तर मागते. जीएममधला नेमका आकडा काढायचा तर ठिणगी किती लांब, झोत किती रुंद, द्रावणाची तीव्रता किती, हे सगळं काटेकोर माहीत असावं लागतं, आणि त्यातली एखादी चूक वर्गानं वाढून आकडा कुठल्या कुठं नेते. गुणोत्तरात ते सगळं वरच्या आणि खालच्या संख्येतून कापलं जातं. ज्या प्रयोगशाळेत महागडी उपकरणं थोडी आहेत, तिथल्या विद्यार्थ्यांनी आधी हीच मोजणी करावी असं मला मनापासून वाटतं.

सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांना मात्र हाच परिणाम चकवतो. १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दोन फोटॉनांचा सूक्ष्मदर्शक बनवला. जिवंत ऊतकात खोलवर पाहायला तो आज जगभर वापरतात. पेशीच्या भोवतालच्या पातळ पटलात रंगद्रव्याचे रेणू ओळीनं उभे असतील, तर इथं ते गरगरत नसतात. रेषीय प्रकाशात शोषण कोसाइनच्या चौथ्या घातानं बदलतं. मघाशी साठ अंशांवर एका फोटॉनला चौथा हिस्सा मिळत होता, दोन फोटॉनांना तिथं सोळावाच मिळतो. परिणामी पेशीची कडा सगळीकडून सारखी उजळत नाही, समोरासमोरच्या दोन ठिकाणी झळाळते आणि मधे अंधारी राहते. पाहणाऱ्याला वाटतं, इथं रंगद्रव्य जास्त आहे आणि तिथं कमी. तसं काही नसतं, तिथं रेणूंचं तोंड भलत्या दिशेला असतं. सारखा उजेड हवा असेल तर वर्तुळाकार ध्रुवण वापरायचं. रेणू कसे उभे आहेत हेच शोधायचं असेल तर रेषीय वापरून दिशा फिरवत जायची, कारण चौथ्या घातामुळं उत्तर अधिक ठळक मिळतं.

संध्याकाळी परतीच्या फेरीत भाचीनं विचारलं, "म्हणजे चकती पंचेचाळीस अंश फिरवायची आणि दोन आकडे लिहून घ्यायचे. एवढंच?"

"जवळजवळ एवढंच. पण त्याआधी आणखी एक काम आहे गो," मी म्हटलं. लेझर नमुन्यापर्यंत पोचायच्या आधी चार-पाच आरशांवरून वळतो, आणि नदीचं पाणी जसं ध्रुवण बदलतं तसा प्रत्येक आरसाही थोडं बदलतो. चकतीवर ४५ लिहिलेलं असलं म्हणजे कुपीजवळ पोचलेला प्रकाश वर्तुळाकार असेलच असं नाही. तो लंबवर्तुळाकार झालेला असेल, तर गुणोत्तर दीड यायचं तिथं सव्वा येईल आणि आपण पातळीला भलतीच सममिती चिकटवून बसू. म्हणून कुपीच्या जागी, तुझ्या गॉगलच्या काचेसारखी, पण प्रयोगशाळेतली चांगली ध्रुवक पट्टी ठेवायची. तिच्या मागं प्रखरता मोजणारा मीटर लावायचा आणि पट्टी सावकाश पूर्ण फेरी फिरवायची. रेषीय प्रकाश असेल तर मीटरचा आकडा उतरत शून्याजवळ जातो आणि पुन्हा चढतो, मान कलती केल्यावर मांडवीची चकाकी यायची-जायची तसा. वर्तुळाकार असेल, तर पट्टी कशीही फिरवा, आकडा आहे तिथंच राहतो. तो हलला नाही, की मग कुपी ठेवायची.